पाटकऱ्याच्या अंगातलं पाणी

लग्नाला चार दिवस झाले होते आणि उम्सुन पडद्याआड बसली होती. नव्या सुनेनं पडद्याआड बसायचं, बाहेर डोकवायचं नाही, अशी रीत. पण कानावर कोण पडदा घालणार? बाहेर सासू-सासऱ्यांचं जुंपलं होतं, आणि तेही तिच्यावरूनच.

सासूचा भाऊ दोन डोंगर ओलांडून लग्नाला आला होता. त्या सकाळी उम्सुननं पडद्याच्या फटीतून हात काढून त्याच्यापुढे चहा सरकवला, तो प्याला काठोकाठ भरून. मामानं तो मुकाट्यानं संपवला, दाढीवरून हात फिरवला आणि जाऊन घोड्यावर बसला. दुपारचं मटण तसंच चुलीवर राहिलं.

सासू म्हणत होती, अर्धा प्याला म्हणजे बसा आणि भरला प्याला म्हणजे उठा, हे शेंबड्या पोरालाही कळतं, आणि ही घोडी म्हणते मला माहीत नव्हतं. सासरा म्हणत होता, खालच्या रानातली पोर आहे, तिकडे उन्हानं जीव कासावीस होतो, लोक घटाघटा पितात, शिकेल. सासू म्हणाली, ती शिकेपर्यंत माझं माहेर तुटेल त्याचं काय. असं बराच वेळ चाललं. मग तिसरा आवाज आला. तो नवऱ्याचा, मुकाशचा. लग्नाच्या आठवड्यात नवऱ्यानं बायकोच्या बाजूनं बोलणं म्हणजे निलाजरेपणाच, पण तो बोलला.

"आई, मामाला जायचंच होतं. त्याची घोडी आज-उद्या विणार आहे."

सासूनं चुलीवरचं मटण खाली उतरवलं. मामाकडे घोडी नव्हतीच, एकच म्हातारा घोडा होता, हे उम्सुनला वर्षभरानं कळलं. तेव्हा ती गोठ्यात एकटीच हसली. पण त्या दिवसापासून चव्वेचाळीस वर्षं तिनं कुणाचाही प्याला अर्ध्याच्या वर भरला नाही. घोटभर ओतायचं, रिकामा झाला की परत घ्यायचा, परत घोटभर. मुकाशसमोर ती किती वेळा प्याला घेई आणि देई, ते कुणी मोजलं नाही. मोजण्यासारखी गोष्ट असते का ती?

मुकाश कोक-आरिक गावचा पाटकरी. डोंगरावरच्या बर्फाचं पाणी नदीला येतं, नदीचं पाटाला, पाटाचं चाऱ्यांना, आणि कुठल्या चारीला किती वेळ हे मुकाशनं ठरवायचं. बापाकडून त्याला एक फावडं, विलोच्या लाकडाची, पाणी मापायच्या खुणा केलेली काठी आणि गावभरचे शत्रू वारशात मिळाले. सामुदायिक शेतीच्या काळात भांडण साहेबांशी असे. जमिनी वाटल्या गेल्या तेव्हा ते भावाभावांत आलं. लोक म्हणत, बायको पळवली तर मुकाश समजूत काढील, पाणी पळवलं तर नाही. आवाज मात्र त्यानं कधी चढवला नाही. चारीच्या तोंडाशी चोरून उघडलेल्या फळीपाशी जाऊन तो नुसता उभा राही. चोर शेवटी आपणच येऊन फळी लावी आणि म्हणे, "उंदरानं पाडली असेल."

"मोठा उंदीर दिसतो. बूट घालतो," मुकाश म्हणे.

दिवसभर गुडघाभर पाण्यात उभा, पण पाण्याचा घोट त्यानं जन्मात घेतला नाही. गार पाणी पोटात गेलं की छातीत थंडी शिरते, हे गावात लहानथोर सगळे मानतात. तहान लागली की चहा. दूध घातलेला, मीठ घातलेला. आणि खिशात कुरुत, म्हणजे खारवलेल्या दह्याचे वाळवलेले गोळे, दगडासारखे. एक गालात धरला की दोन बांध सरत. असा माणूस.

सहासष्टाव्या वर्षी पानगळीत उम्सुनच्या लक्षात आलं की संध्याकाळी त्याचे बूट निघत नाहीत. सकाळी पाय आत जाई, संध्याकाळी बाहेर येत नसे. ती उकिडवी बसून ओढी आणि तो म्हणे, बूट आकसले. मोज्याच्या काठाचा वळ नडगीवर खोल उमटलेला असे. बोट दाबलं तर कणकेत दाबल्यासारखा खड्डा राही. मग खोकला आला. मग पाणी वळवायला पाटाच्या वरच्या मोरीकडे जाताना तो वाटेत दगडावर बसू लागला आणि कुणी आलं की बुटातला खडा काढल्यासारखं करू लागला.

थंडी शिरली, असं गावानं ठरवलं. थंडीवर औषध एकच, मेंढीचा रस्सा. मुकाशची थोरली बहीण बात्मा पितळी भांडं घेऊन रोज हजर. वर बोटभर चरबी, आणि मीठ असं की जीभ चुरचुरावी. बात्मा समोर बसून पाजी. "पी. हाडांना लागेल. तुझी बायको तुला नुसत्या चहावर जगवते, सुकून काटकी झालास," असं म्हणे, आणि तिच्या डोळ्यांदेखत काटकी फुगत होती. पहिला बर्फ पडला तेव्हा मुकाशला आडवं होता येईना. भिंतीशी गोधड्यांची जी चळत असते तिला टेकून तो बसल्या बसल्या डुलक्या घेई. पडलो की कुणीतरी छातीवर येऊन बसतं, म्हणे.

तालुक्याच्या इस्पितळात डॉक्टरीण होती, पोरसवदाच. तिनं नऊ दिवसांत त्याच्या अंगातून अकरा किलो पाणी काढलं. अकरा किलो म्हणजे महिन्याचं कोकरू. एवढं तो पोटात, पायांत, फुप्फुसात घेऊन फिरत होता. तिनं सांगितलं की हृदय बंद पडलेलं नाही, थकलंय, रक्त पुढे ढकलायला कमी पडतं, म्हणून मागे तुंबतं, आणि तुंबलं की...

"खालची मोरी चोंदली," मुकाश मध्येच म्हणाला. "वरून पाणी तेवढंच येतंय. मग ते बांध फोडून भलत्या शेतात शिरतं."

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं.

"मोरी साफ होणार का?"

"आता नाही. जपता येईल."

"मग वरचं पाणी तोडायचं आणि आडवी चारी काढायची."

"ती आडवी चारी म्हणजे ही गोळी," ती म्हणाली. गोळीनं लघवी होईल, भरपूर होईल, रोज घ्यायची. मीठ कमी. पाणी दिवसाला दीड लिटरच्या वर नाही. रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी वजन करायचं आणि लिहून ठेवायचं. बाहेर व्हरांड्यात माणसं दाटली होती. बाकीचं सगळं यात आहे म्हणून तिनं एक रशियन छापील कागद उम्सुनच्या हातात दिला.

उम्सुनला अंक लिहिता येत, आपली अक्षरंही लागत, पण रशियन तिचं कधी झालंच नाही. शेजारच्या झोल्चूला यायचं, त्याचा मेंढ्या विकण्या-घेण्याचा धंदा. त्यानं कागद वाचला. पहिलीच ओळ, रोज वजन करा. "हे माझ्यावर सोड, एजे," तो थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाला आणि कागद घडी करून परत दिला. उम्सुननं तो कुराणाच्या फडक्यात ठेवला, म्हणजे जपून ठेवला. खालच्या ओळी तिथंच राहिल्या.

झोल्चूच्या अंगणात मेंढ्यांचा काटा होता, चार बाजूंना कठडा असलेला. रोज सकाळी मुकाश त्या कठड्यात उभा राही आणि झोल्चू वजनं सरकवून मोठ्यानं आकडा सांगे, चाळीस वर्षं गिऱ्हाइकाला सांगत आलाय तसा. सदुसष्ट. सदुसष्ट. अडुसष्ट. उम्सुन वहीत लिहून घेई. रश्श्यातलं मीठ तिनं तोडलं होतं, चहातलं तोडलं होतं. आठवड्यानं झोल्चू म्हणाला, "एकोणसत्तर. म्हातारा अंग धरायला लागला." मग एकाहत्तर. मेंढपाळाच्या जातीला काट्यावरचा वाढता आकडा दिसला की काय वाटतं ते सांगायला नको. हाडकलेलं जनावर चाऱ्याला लागलं, हिवाळा काढील. गावात बातमी झाली. उम्सुन वाढलेल्या आकड्यापुढे एक फुली करी, खुशीची. तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटत होतं की आपल्या हातून काही नीट होतंय.

चौऱ्याहत्तर भरले त्या दिवशी बात्मानं मेंढी कापली. माणूस वाचला म्हणून घरोघरी बोलावणं गेलं, मौलवीनं दुवा मागितली, आणि मुकाशला मेंढीचं मानाचं डोकं दिलं. त्यानं रस्सा प्यायला, सगळ्यांच्या आग्रहाखातर आणखी प्यायला. त्याला धाप लागत होती, पण समारंभात कसं सांगायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे ओठ जांभळे पडले होते आणि तोंडाशी गुलाबी फेस होता. झोल्चूनं त्याला मेंढ्यांच्या गाडीत घालून नेलं. वाटभर तो एकच म्हणत होता की काल तर चौऱ्याहत्तर होता.

डॉक्टरणीनं दोन दिवस मुकाशला सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं उम्सुनला बोलावून वही मागितली. पानं उलटली. फुल्यांवर तिचं बोट थांबलं.

"अपा, ह्या फुल्या कशाच्या?" तिनं आईला म्हणावं तसं विचारलं.

"वाढलं की करत होते. अंगावर मांस येत होतं ना."

डॉक्टरणीनं वही मिटली. मग हळूच म्हणाली, "मांस नव्हतं ते. पाणी होतं. दोन किलो वाढलं की यायचं होतं तुम्ही. कागदावर लिहिलंय."

उम्सुनला खाली बसावंसं वाटलं, पण खुर्ची लांब होती. डॉक्टरीण विचारत होती, पाणी किती पितात?

"पाणी? त्यांनी आयुष्यात पाण्याला तोंड लावलेलं नाही. कुणालाही विचारा."

"आणि चहा?"

"चहा म्हणजे चहाच."

डॉक्टरणीनं पेन उचललं. किती प्याले? उम्सुननं डोळे मिटून दिवस आठवला. उठल्यावर पाच-सहा, पाटावरून आल्यावर सात-आठ, जेवणावर, जेवणानंतर, कुणी आलं की त्याच्यासोबत. पंचवीस तरी. अर्धे हं, ती घाईनं म्हणाली, भरलेले नाहीत, मी कधीच भरत नाही. आणि रस्सा? रस्सा तर अन्न. डॉक्टरणीनं बेरीज केली आणि कागद उलटा ठेवला.

"ह्या वेळी निघालं," ती म्हणाली. "पुढच्या वेळी एवढं भरलं, तर मला काढता येईल असं मी सांगू शकत नाही."

म्हणजे ते आता उम्सुनच्या हातात होतं. घरी परत येताना तिला बर्फ, रस्ता, काही दिसलं नाही. सात किलो. सात किलो आपण पाजले, आणि वर फुल्या केल्या.

गावच्या दवाखान्यातली नर्स केन्जे दुसऱ्या दिवशी मापाचं भांडं घेऊन घरी आली. घरातला प्याला काठोकाठ भरला तर तीनशे मिलिलिटर. म्हणजे दिवसाला चार प्याले चहा, एक प्याला रस्सा, संपलं. अर्ध्या अर्ध्याचा हिशेब कुणाच्या बापाला लागत नाही, केन्जे म्हणाली, तिसऱ्याला तुम्ही विसराल, सहाव्याला तो म्हणेल हा चौथाच. भरून द्या. एकदाच द्या. उम्सुन म्हणाली, भरून कसा देऊ बाई. केन्जे त्याच गावची, तिला कळलं. ती म्हणाली, "अपा, ह्या घरात आता रीत पाळायची की माणूस, तेवढं ठरवा," आणि भांडं ठेवून गेली.

दुसऱ्या सकाळी उम्सुननं प्याला भरला. थोडा चहा दस्तरखानावर, जेवणाच्या कापडावर, सांडला. मीठ नाही, तर त्याचा रंगसुद्धा परका वाटत होता. तिनं तो मुकाशपुढे ठेवला. मुकाशनं आधी प्याल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग त्यानं दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले, पाहुणा उठताना ठेवतो तसे.

"उठू का मग?"

तो हसत होता. चेष्टाच होती ती. पण उम्सुन चहाचा समोवार पुसत राहिली, आधीच चकचकीत असलेला.

"अगं, पितो. बस," तो म्हणाला. "दुपारचा कधी?"

"बारा वाजता."

"पहारेकरी झालीस."

मार्च लागेपर्यंत त्यांनी असेच दिवस काढले. ओठ कोरडे पडले की ती बोराएवढा बर्फाचा खडा देई, तोही वाटीत मोजलेला. कोटाच्या खिशात कुरुत सापडलं, ते तिनं काढून सुकवलेल्या सफरचंदाच्या फोडी भरल्या. मुकाश म्हणाला, कोटाचं बटण चोखल्यासारखं लागतं. झोल्चू काट्यावर आता आकडा कुजबुजत सांगे. बात्मा एकदा ऐन चहाच्या वेळी आली आणि तो काठोकाठ प्याला पाहून दारातच थबकली. माझ्या भावाला त्याच्याच घरातून घालवतेस का, असं तिनं विचारलं, आणि गल्लीतून जाताना भेटेल त्याला हेच सांगत गेली. बात्माचं भांडं उम्सुननं दारातून परत लावलं होतं, आणि आजाऱ्याला आणलेलं अन्न परत लावणारी बाई त्या गावानं आजवर पाहिली नव्हती. दोन महिने तिच्या अंगणात बाई फिरकली नाही.

वसंतात पाट सुटला. पंचांनी मुकाशला सांगितलं की ह्या वर्षी तरुण सागिन बघेल. मुकाश म्हणाला, जड फळ्या सागिननं उचलाव्यात, पाळ्या मी लावीन, त्याला अजून कोण कुणाचा मेव्हणा ते ठाऊक नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी मोठी पाळी असे, तेव्हा तो सकाळपासून मुख्य मोरीवर बसे. पोरगा, उरमात, मॉस्कोत रस्त्यावरचा बर्फ उपसायच्या कामावर होता. त्यानं फोनवर सांगितलं, ऑक्टोबरात येतो. मग उम्सुनचं सगळं लक्ष ऑक्टोबरावर. तेवढं निभलं पाहिजे. बाप-लेकाची गाठ पडली पाहिजे.

मे महिन्यात वजन पुन्हा हललं. मोजमाप तेच, चहा तोच, मीठ नाही. उम्सुन वही घेऊन उंबऱ्यात बसली. शाळेत ती पाचच इयत्ता गेलेली, पण दुधाचा हिशेब तिनं जन्मभर ठेवलाय. आकडे तिनं बोटानं खालीवर तपासले. बुधवारी वाढतं. शनिवारी वाढतं. मध्ये उतरतं. ती उठून गोळ्यांची पाकिटं मोजायला गेली.

संध्याकाळी तिनं विचारलं, "मंगळवारची गोळी कुठे जाते? आणि शुक्रवारची?"

मुकाशनं काठी इकडून तिकडे ठेवली. मग म्हणाला, "मोरीवर असतो मी. खाली बायका बटाटे खुरपत असतात. ती गोळी घेतली की पाव तासाला एकदा जावं लागतं. कुठे जाऊ? झाड आहे का तिथे एक तरी?"

"म्हणून जीव देणार?"

"सुनेच्या वयाच्या बायकांसमोर पळत सुटू?"

तिला राग आला होता, पण त्याची मान खाली पाहून राग कुठे ठेवावा कळेना. खरंच झाड नव्हतं. ती केन्जेकडे गेली. केन्जेनं डॉक्टरणीला फोन करून विचारलं. मोठ्या पाळीच्या दिवशी घरी आल्यावर, दुपारी दोनला घ्या, पण चुकवू नका. एवढं सोपं होतं. सहा आठवडे काटा अडुसष्टवर खिळला. मुकाश रात्री दोन उशांवर झोपू लागला. बूट निघू लागले. उम्सुन मनात म्हणे, सापडलं, बाई, आता आपल्याला धरायला सापडलं. ऑक्टोबर काय, पुढचा वसंतही.

तेच वाईट झालं. नुसती भीतीच असती तर तिनं ती सोसली असती.

जुलैत पाय सुजले. तिनं पुन्हा वही काढली, पाकिटं मोजली, खिसे तपासले, त्याचा कोट उलटा करून झटकला. काही निघालं नाही. गोळी एकही चुकली नव्हती. एकोणसत्तर, सत्तर झाल्या दिवशीच ती त्याला घेऊन तालुक्याला गेली, कागदावर लिहिलं होतं तशी. डॉक्टरणीनं गोळी दुप्पट केली, सुया दिल्या. पाणी थोडं उतरलं आणि मूत्रपिंड कुरकुरू लागलं. सुया कमी केल्या तर पाणी चढलं. दोन आठवडे असं चाललं. मग डॉक्टरणीनं उम्सुनला खोलीत बोलावलं. ह्या वेळी खुर्ची जवळ होती.

"तुमचं काही चुकत नाही, अपा. असं जपणारं माणूस मी पाहिलेलं नाही. हृदयच संपत आलंय."

उम्सुनला वाटलं, चुकत असतं तर बरं होतं. चूक सापडली असती तर तिनं ती उपटून काढली असती, नखांनी खणून काढली असती. आता हातांना काही काम नव्हतं. जाताना दारापाशी ती थांबली आणि इतके महिने पोटात ठेवलेलं विचारलं.

"हिवाळ्यातले ते सात किलो. ते मी पाजले नसते तर?"

डॉक्टरीण चांगली बाई होती, खोटं बोलायची सवय तिला अजून लागायची होती. ती म्हणाली, "कदाचित थोडं पुढे गेलं असतं."

थोडं म्हणजे किती, ऑक्टोबरपर्यंत का, हे उम्सुननं विचारलं नाही. विचारून ठेवायचं कुठे?

घरी आणलं. मुकाश दिवसा अंगणात गोधड्यांना टेकून बसे. काठी सागिनकडे गेली, मोरीही गेली. उम्सुन चहा अजून मोजून भरे, कारण दुसरं काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. एकदा मुकाशनंच सांगितलं, आता राहू दे ते माप. ती म्हणाली, बारा वाजायचेत. उरमातला तिनं फोन केला. मालक पासपोर्ट देत नाही म्हणाला, रडला, लवकर सुटतो म्हणाला. मुकाशला तिनं सांगितलं की त्याचं तिकीट बघणं चाललंय. मुकाश म्हणाला, "तिकडे बर्फ लवकर पडतो. त्याला काम सोडवत नसेल." घोड्याची घोडी करणारा माणूस, दुसऱ्याचं खोटं लगेच ओळखे आणि त्याला बसायला जागाही देई.

ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारनंतर तो अंथरुणातून उठला नाही, आणि पुढे सहाच दिवस जगला. पण त्या गुरुवारी उन्हं कलल्यावर तो उठला. उद्याच्या पाळ्या सांगायच्या होत्या. पाळी फोनवर सांगितली की माणूस म्हणतो ऐकूच आली नाही, दारात जाऊन सांगितली की घरातली बाईही साक्षीला असते. म्हणून मुकाश आदल्या संध्याकाळी दारोदार जाऊन सांगत आलेला, आणि सागिनला काठी दिली तरी हे काम त्यानं दिलं नव्हतं. खालच्या गल्लीत तीन घरं होती. उम्सुन अडवायला गेली नाही. तिनं स्वयंपाकघरातलं गाय पिळायचं छोटं स्टूल उचललं आणि त्याच्या मागून चालू लागली.

वीस पावलं झाली की तो थांबे, ती स्टूल ठेवी, तो बसे. समोरून कुणी आलं तर दोघं हवापाण्याचं बोलत. पायांत तिचे लोकरी मोजे आणि वरून फाडून सैल केलेले रबरी बूट. पहिल्या घरी सांगून झालं. दुसऱ्या घरी सांगून झालं. तिसरं घर इसाचं, तो तीस वर्षं पाणी कमी मिळतं म्हणून भांडत आलेला. मुकाशनं फाटकाची कडी वाजवली आणि नेहमीसारखा दोन पावलं मागे सरून उभा राहिला, स्टूल नको म्हणून त्यानं हातानंच खुणावलं.

इसा आला, मागोमाग त्याची बायको. मुकाशकडे बघून त्याचा चेहरा एकदम उतरला, पण मुकाशनं त्याला तिथे थांबू दिलं नाही.

"उद्या तुझी पाळी. उजाडताना. आधी खालची फळी लाव, मग वरची उघड, मागच्या वेळेसारखं उलटं करू नकोस."

इसानं बायकोकडे पाहिलं, मग घसा साफ केला आणि थोरल्या भावाला हाक मारावी तसं नेहमीचं म्हणाला, "किती सोडणार, बाइके? मागच्या खेपेला निम्मं रान कोरडं राहिलं."

"पाणी सगळ्यांना तेवढंच आहे, इसा. तुझं रान उताराचं. वरून दोन बांध घाल, वीस वर्षं सांगतोय."

"घालतो."

"सूर्य खळ्याच्या भिंतीवर आला की बंद करायचं. पलीकडे सागिन उभा असेल."

इसाची बायको आत जाऊन रोटी घेऊन आली. दारातून कुणी तोंड न लावता जाऊ नये म्हणून. मुकाशनं कडेचा तुकडा मोडला, तोंडात टाकला, दाढीवरून हात फिरवला. कुठल्या चारीनंतर कुणाची चारी ते त्यानं इसाकडून एकदा वदवून घेतलं, इसा चुकला ते दुरुस्त केलं, आणि फाटकाची कडी आपल्या हातानं लावून तो वळला.